वाळवणातल्या तबकड्या

लग्नानंतर डोंबिवलीत जागा शोधायला आम्ही दोघं निघालो, तेव्हा घरमालक काय काय विचारतात ते ऐकून मी पुरती तयारी केली होती. गाव कुठलं, नोकरी पक्की की कच्ची, सासूसासरे येऊन राहणार का, पाणी किती लागतं, सगळ्यांची उत्तरं घोकून ठेवली होती. आमच्या मालकांनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी आम्हाला ओटीवरच्या दोन खुर्च्यांवर बसवलं, स्वतः खुंटीवरची काळी टोपी काढून डोक्यावर चढवली आणि म्हणाले, "आधी ही बाई ऐका. मग जागा दाखवतो."

मला वाटलं आतून कुणी बाई येणार. मी पदर सावरून बसले. मालकांनी कोपऱ्यातल्या ग्रामोफोनची किल्ली फिरवली, तबकडीवर फुंकर मारली आणि कर्णा आमच्याकडे वळवला. त्यातून जी बाई बाहेर आली तिच्यासारखी बाई मी जन्मात ऐकली नव्हती. आधी ती कुजबुजली, मग विनवण्या केल्या, आणि मग आवाज असा वर नेला, की ओटीवरचं मांजर उठून चालतं झालं. वर नेला तो नेला, तिथे धरूनही ठेवला. मी श्वास रोखून बसले होते. आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं तर हे डोळे मिटून, मान मागे टाकून निश्चल. आदल्या दिवशीच्या ओव्हरटाइमनं दमलेला माणूस गाढ झोपला होता.

तबकडी संपली. मालक बराच वेळ ह्यांच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "आजवर पुष्कळ लोक जागा बघायला आले. कुणी हसले, कुणी कानावर हात ठेवले. डोळे मिटून ऐकणारा हा पहिलाच. जागा तुमची."

डोंबिवलीत जागा मिळत असताना नवऱ्याची समाधी मोडणारी मी बाई नव्हे. मी हात जोडले.

अशा रीतीने आम्ही त्या चाळीत राहायला आलो, आणि मला आजही अभिमान वाटतो की माझा संसार त्या बाईच्या साक्षीनं लागला. भारत स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. डोंबिवली म्हणजे विहिरी, भाताची खाचरं, चिंचेची झाडं आणि मधूनमधून आमच्यासारख्या नोकरदारांच्या बैठ्या चाळी. संध्याकाळी कंदील लागले की सगळीकडून शुभंकरोती ऐकू यायची. आमच्या चाळीतून शुभंकरोती आणि पाठोपाठ इटलीची बाई.

मालक रेल्वेच्या वीजघरात फोरमन होते, मी त्यांना पाहिलं तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. उंच, हाडकुळे, घरात कमरेला पंचा आणि अंगात वीजघराचा खाकी शर्ट, खिशात कायम एक पक्कड. तबकडी लावताना मात्र टोपी हवीच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अहो, एवढी मोठी माणसं घरात येणार, बोडक्या डोक्यानं कसं बसायचं?"

त्या तबकड्या त्यांच्याकडे आल्या कशा, ती कथा मालकीणबाईंच्या तोंडून ऐकण्यासारखी होती. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. वीजघराचा इंग्रज साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्यानं आपल्या माणसांना बंगल्यावर बोलावून सांगितलं, ज्याला जे हवं ते न्या. कुणी आरामखुर्ची उचलली, कुणी जाळीचं कपाट, कुणी भिंतीवरचं घड्याळ. एका हिशेबनिसानं तर सांबराचं डोकं नेलं आणि ते दारातून आत जाईना म्हणून शिंगं कापली. आमच्या मालकांनी बैलगाडी सांगितली आणि ग्रामोफोन नि सगळ्या तबकड्या आणल्या. गाडीवान जवळच्या गावचा. उतरवताना त्यानं एक तबकडी हातात धरून विचारलं, "मालक, या काल्या भाकऱ्या कनाला आनल्या?"

"लोकांच्या घरी साहेबाची खुर्ची आली," काकू सांगायच्या, "माझ्या घरी सवती आल्या. त्याही गठ्ठ्यानं!"

पण बोलायच्या तेवढंच. दर शनिवारी न्हाणं झालं की जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा घेऊन एकेक सवत पुसून ठेवायचं काम काकूंचंच. मालक नुसते शेजारी बसून सांगायचे, "सावकाश, ही जरा अंगानं नाजूक आहे."

तबकड्यांवरची नावं कुठल्याकुठल्या भाषांत होती. मालकांना इंग्रजी वीजघरापुरतं येत होतं. त्यामुळे त्यांनी सगळ्यांना घरची नावं देऊन टाकली होती. आम्हाला जागा देणारी ती थोरली. तिच्यासारखंच गाणारी, पण जरा लाडात येणारी, ती धाकटी. एक पुरुष प्रत्येक ओळीला हुंदका देऊन थांबायचा, तो रडवा. आणि विहिरीच्या तळाशी बसून गातो असा एक भारदस्त आवाज होता, त्याचं नाव तळघर. पुढे आयुष्यात मी त्या गायकांची खरी नावं शिकले, नाही असं नाही. पण आजही रेडिओवर कुठे त्यांच्यातलं कुणी लागलं, की मी ओरडते, "अहो ऐका, आपलं तळघर!"

गाण्यांचे अर्थही मालकांचेच. थोरली म्हणे वेशीवर उभी आहे, नवरा लढाईवरून परत आलेला नाही, बाकीच्यांचे आले. हे ते इतक्या खात्रीनं सांगायचे, की चाळीतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. एकदा ठाण्याच्या चर्चमधले एक गोरे पाद्री पंखा दुरुस्त करून घ्यायच्या निमित्तानं आले. मालक अशी कामं हौसेनं करायचे. पाद्रीबाबांना ती भाषा येत होती. त्यांनी थोरली ऐकली, मालकांचा अर्थही ऐकला आणि मोडक्यातोडक्या मराठीत हसतहसत सांगितलं, की तसं काही नाही, ही बाई मोलकरणीला दिवा आणायला सांगते आहे.

आम्ही सगळ्या मालकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. मालक जरासुद्धा हलले नाहीत.

"असेल, फादर," ते म्हणाले. "पण बाहेर अंधार किती झालाय, ते ऐका ना."

पाद्रीबाबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "पुन्हा लावा." पंखा बाजूलाच राहिला.

चाळीत सगळेच भक्त होते असं मात्र समजू नका. शेवटच्या खोलीत लेले मास्तर राहत. शाळेतून निवृत्त झालेले, नाट्यसंगीताचे कट्टर, आणि शाळेनं दिलेलं मानपत्र भिंतीवर जाड काचेत मढवून त्याखालीच बसणारे. थोरलीनं वरची पट्टी गाठली, की लेल्यांचं दार धाडकन लागायचं. एकदा ते सरळ ओटीवर आले.

"मालक, एक विचारू? ही बाई अंगावर पाल पडल्यासारखी का ओरडते?"

"लेले," मालक म्हणाले, "तुमच्या अंगावर पाल पडली तर तुम्ही एवढ्या सुरात ओरडाल का?"

"मी ओरडणारच नाही!"

"तेच. गाणं तुमचं काम नव्हे."

लेले तणतणत गेले. पण पुढच्या वेळी दार लागलं नाही. किलकिलं राहिलं. बायकांच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही.

साहेबाच्या गठ्ठ्यात दुसरीही एक जात होती. ती नाचाची. गोऱ्या क्लबांत आणि मुंबईच्या हॉटेलांत वाजायचं ते जाझ. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, भांड्यांच्या दुकानात भांडण लागलंय. मी तसं बोललेही. मालकांनी मला समोर बसवलं.

"भांडण नाही हो. पंगत आहे पंगत. आता बघा, हा वाढायला उठला. बाकीचे हात आवरून बसले की नाही? आता त्याचं झालं, तो बसला. आता दुसरा उठेल. आणि शेवटी सगळे मिळून वदनी कवळ."

खरं सांगते, त्यानंतर मला जाझ कळायला लागलं. मुंबईत शिकलेली माणसंही मला एवढ्या सोप्या शब्दांत सांगू शकली नसती. दुपारी कुरडया घालताना आम्ही बायका हात चालवायचो आणि मालक ओटीवरून पंगती बसवायचे. लेलेकाकू म्हणायच्या, "अहो मालक, ते पळतंय ते लावा. त्यावर सोऱ्या भराभर फिरतो."

पिन मात्र लोखंडी नाही. लोखंडानं तबकडी ओरखडते, असा मालकांचा सिद्धांत. ठाण्याजवळ खाडीकाठच्या बाळकुमला त्यांचे साडू राहत. त्यांच्या बांधावरच्या बाभळीचे काटे मालक पुडीत बांधून आणायचे, कानसेवर टोक काढायचे आणि साउंडबॉक्समध्ये बसवायचे. तबकडीच्या एका बाजूला एक काटा. साडू म्हणायचे, "लोक माझ्याकडून मासळी नेतात, हे काटे नेतात."

या नाचाच्या तबकड्यांत एक मालकांची फार लाडकी होती. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलच्या बँडची. पहिला अर्धा भाग नुसती गडबड. मग एक कॉर्नेट येतो. पितळी वाद्य, तुतारीचं शहाणं भावंड. तो कॉर्नेट अचानक येतो, बाकीच्यांचं बोलणं संपायच्या आत, आणि असा काही बोलतो, की मग इतरांना बोलण्यासारखं उरत नाही. त्याच्या येण्याआधी मालक बोट वर करायचे. सगळी चाळ गप्प. "आता येईल बघा तो. आला!" इतक्या वेळा ऐकूनही दर वेळी मालक दचकायचे आणि दर वेळी त्यांचा चेहरा नव्या नवऱ्यासारखा फुलायचा.

"कोण असेल हो हा?" ते म्हणायचे. तबकडीवर हॉटेलचं आणि बँडच्या म्होरक्याचं नाव होतं. वाजवणाऱ्याचं नव्हतं.

आणि एक दिवस तो सापडला. कल्याणला रेल्वे कॉलनीत चर्चच्या सभागृहाची वायर बदलायला मालक गेले होते. शिडीवर असताना खाली एक म्हातारा गोवेकर पोरांना बँड शिकवत होता. हातात वाद्य नव्हतं, तोंडानंच गाऊन दाखवत होता. मालक शिडीवर थिजले. ती चाल दुसरीच होती, पण सूर लावण्याआधी श्वास घ्यायची लकब, आणि मग सुरावर असं पडणं, जसं कुणी उंबरा न बघता घरात येतं. मालक खाली उतरले, हात पुसले आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही कधी तबकडीवर वाजवलं आहे का हो?"

कायतान मास्तर त्यांचं नाव. हो, वाजवलं होतं, तरुणपणी, एकदाच. तबकड्या हॉटेलच्या पाहुण्यांना वाटल्या गेल्या. वाजवणाऱ्यांना कोण देतो? त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. आता पुढचे दात पडले होते आणि दातांवाचून कॉर्नेट वाजत नाही. वाद्य त्यांनी भाच्याला देऊन टाकलं होतं. आणि येत्या सोमवारी ते गोव्याला बहिणीकडे कायमचे निघाले होते. गोव्याची हद्द बंद होणार अशी तेव्हा बोलवा होती. एकदा पलीकडे गेलं की परत येणं होईलच, याचा भरवसा नव्हता.

"रविवारी या," मालक म्हणाले. "जेवायलाच या. तुम्हाला तुमचंच ऐकवतो."

घरी आले ते तरंगतच. आम्हा सगळ्यांना ओटीवर गोळा केलं आणि बातमी सांगितली. एरवी पंधरा ऑगस्टलासुद्धा आमच्या चाळीत एवढी धांदल झाली नव्हती. कायतान मास्तर ऐकल्यावाचून जाता कामा नयेत, हे जणू सगळ्या चाळीनं अंगावर घेतलं.

शनिवारी सकाळी मालक ठाण्याला गेले. पाहुण्यांना चहाबरोबर नानकटाई हवी आणि ती ठाण्याच्याच भट्टीची हवी, हा त्यांचा हट्ट. इकडे काकूंनी तबकड्या पुसायला काढल्या. काढल्या तो काय, पाकिटांना कुबट वास. खालच्या गठ्ठ्याला पांढुरकी बुरशी. मोठा पाहुणा यायचा आणि तबकड्यांना वास?

मे महिना होता. अंगणात सगळ्या चाळीचं वाळवण पडलेलं. सांडगे, पापड, मिरच्या, गाद्या, उशा, लेले मास्तरांच्या पोथ्यासुद्धा. आपल्याकडे ज्याला वास येतो, ज्याला ओल लागते, त्याला एकच औषध. कुठल्याही शहाण्या गृहिणीनं जे केलं असतं, तेच काकूंनी केलं. सतरंजी अंथरली आणि तबकड्या एकेक करून उन्हात घातल्या. कावळा येऊ नये म्हणून कडेला काळी छत्रीही उघडून ठेवली. लेलेकाकू जाताजाता म्हणाल्या, "छान केलंत हो. निदान एक बाजू तरी कडक होईल."

दुपारी जेवणं उरकून काकू उलथायला गेल्या आणि त्यांनी जी हाक मारली, ती ऐकून आम्ही सगळ्या हातातलं टाकून धावलो.

तबकड्या लाखेच्या असतात, हे आम्हाला कुणाला ठाऊक होतं? काही नागवेलीच्या पानासारख्या झुकल्या होत्या, काहींच्या कडा वर आल्या होत्या. थोरलीचा तर चक्क द्रोण झाला होता. आणि कॉर्नेटवाली तबकडी मधे बरी, पण कडेनं भाजलेल्या पापडासारखी लाटालाटांची.

काकू सतरंजीच्या कडेला उन्हातच बसल्या. मी त्यांना उठवायला गेले, तर हात झिडकारला.

मालक आले तेच नानकटाईचा पुडा उंच धरून. फाटकातच थांबले. सगळं पाहिलं. हळूहळू आले, टोपी नव्हती म्हणून डोक्यावर हात ठेवला, आणि खाली वाकून थोरलीला तळहातावर घेतलं. ती तिथे पाळण्यासारखी हलत राहिली.

"चला," मालक म्हणाले, "आता हिच्यात आमटी तरी वाढता येईल."

आम्ही कुणी हसलो नाही. ते स्वतःही हसले नाहीत. ओटीच्या पायरीवर जाऊन बसले आणि समोर बघत राहिले. त्यांना असं नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

काकू उठल्या आणि त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "ओरडा हो मला," त्या म्हणाल्या. "थोरलीसारखं ओरडा. सगळ्या आळीला ऐकू जाऊ दे. पण असे बसू नका."

"तुला कशाला ओरडू? तू पाहुण्यासाठी केलंस. मी त्याला काय सांगू, एवढंच बघतोय."

काकूंची नजर मालकांच्या हातातल्या तबकडीवर होती. मग त्यांनी आपल्या हातातली पाटली फिरवली आणि एकदम विचारलं, "हे कशाचं असतं हो?"

"लाखेचं."

"मग माझ्या पाटल्यांत काय आहे? लाखच ना? मागे ही चेपली होती, तेव्हा सोनारानं काय केलं? ऊन करून दाबली. तुम्ही समोरच होता!"

मालकांनी मान वर केली. वीजघरातला फोरमन त्यांच्यात परत आला, तो मी डोळ्यांनी पाहिला. "काच," ते उठत म्हणाले. "दोन सपाट काचा. मधे तबकडी. उन्हात मऊ होईल, काचेच्या भारानं बसेल. मग सावलीत नेऊन वर पाटा ठेवायचा. ऊन आहे तोवर झालं पाहिजे. काचा आणा!"

त्या दुपारी आमच्या चाळीतल्या भिंती उघड्या झाल्या. तसबिरी खाली यायला लागल्या. लेलेकाकूंनी दत्ताची उतरवली. कुणीतरी कुरकुरलं, देवाची काच कशी काढायची, तर त्या म्हणाल्या, "देवांनाही जरा वारा लागू दे. वर्षानुवर्षं कोंडलेत बिचारे." मी आमच्या लग्नाच्या फोटोची काच आणली. पण मालक प्रत्येक काच डोळ्यांसमोर आडवी धरून बघायचे आणि बाजूला ठेवायचे. ही पातळ, हिच्यात लाट, ही लहान. माझी मात्र पसंत पडली. एक झाली. दुसरी मिळेना.

तेवढ्यात लेले मास्तर आले. त्यांच्या दोन्ही हातांत ते मानपत्र होतं.

"ही जाड आहे," ते म्हणाले. "शाळेनं मुंबईहून करून आणली होती."

मालक त्यांच्याकडे बघत राहिले. "लेले, तुम्हाला तर हे गाणं..."

"गाण्याचा काय संबंध?" लेले खेकसले. "माणूस उद्या जेवायला येतोय. पक्कड आहे ना खिशात? खिळे काढा."

चांगल्या काचांची जोडी एकच, आणि ऊन कलायला लागलेलं. काकूंनी थोरलीला पुढे केलं. मालकांनी तिच्यावरून हात फिरवला आणि तिला घरात नेऊन ठेवलं. "ती घरची आहे, थांबेल," ते म्हणाले. "आधी पाहुणा." खाली लेल्यांची काच, त्यावर कॉर्नेटची तबकडी, वर माझ्या लग्नाची काच. मालक आणि लेले दोघं दोन बाजूंना उकिडवे बसून राहिले, जणू मधे एखादं बाळ झोपलंय. कड हळूहळू काचेला टेकली, तेव्हा लेलेच पहिले ओरडले, "बसतंय! मालक, बसतंय!" शेवटी सावलीत नेऊन वर पाटा ठेवला. काकूंनी पाट्याला हळदकुंकू लावलं.

रविवारी कायतान मास्तर आले. त्या उन्हाळ्यात कोट, टाय, डोक्यावर फेल्टची टोपी. बारीक अंगाचे, गोड हसणारे, पण हसताना तोंडावर हात ठेवणारे. काकूंनी केळीच्या पानावर वाढलं. त्यांना सुरमईची सवय, आमच्याकडे आमरस. पण माणूस मायाळू, रस तिसऱ्यांदा मागून घेतला. नंतर सगळी चाळ ओटीवर बसली. लेले मास्तर चक्क पहिल्या रांगेत, "हवा बरी येते इथे," असं म्हणत.

मालकांनी टोपी घातली. नवा काटा बसवला. काटा टेकला आणि पहिल्याच फेऱ्यात उसळून बाहेर आला. पुन्हा टेकला, पुन्हा उसळला. कड पुरती बसली नव्हती. काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला. मालकांनी काटा जरा आत, लाटेच्या पलीकडे ठेवला.

लागला. बँड सुरू झाला. सूर झोपाळ्यावर बसल्यासारखे वरखाली होत होते, पण होते. कायतान मास्तरांनी कपाळाला आठी घातली. "आमचो बँड इतको धोलत नासलो," ते पुटपुटले.

"उन्हाळा आहे हो," लेले गंभीरपणे म्हणाले.

मग मालकांनी बोट वर केलं. आम्ही सगळे गप्प. आणि तो आला.

कायतान मास्तरांचा चेहरा मी शब्दांत सांगणार नाही. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर दाबली जात होती, एकेक, बरोबर सुराबरोबर. पोकळ ओठ आवळले गेले होते. संपलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले आणि संकोचून म्हणाले, "थंय चुकलों हांव."

"कुठे?"

"सुरवातेकूच. एक बीट आदीं आयलों. बाकीचे सोंपूंक नाशिल्ले. लीडरान मागीर कितल्यो गाळी दिल्यो!"

म्हणजे ते जे बोलणं संपायच्या आत येणं होतं, ज्याला मालक दर वेळी दचकायचे, ती चूक होती. एक मात्रा आधी आलेला माणूस. आम्ही सगळे मालकांकडे वळलो. मला वाटलं, आता हे काय बोलतील.

मालक हात जोडून उभे होते. "मास्तर," ते म्हणाले, "ती चूक ऐकण्यासाठी तर मी ही तबकडी जपली. तुम्ही वेळेवर आला असतात, तर मी तुम्हाला ओळखलंच नसतं."

या वेळी हसताना कायतान मास्तरांनी तोंडावर हात ठेवला नाही. आणि तेवढ्यात मागून नव्हे, पहिल्या रांगेतून, ठणठणीत आवाजात आरोळी आली: "वन्स मोअर!" लेले मास्तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. नाटकगृहातला सगळा मान त्यांनी त्या कॉर्नेटला देऊन टाकला.

संध्याकाळी कायतान मास्तर निघाले. मालकांनी तबकडी नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती उलगडली, कडेच्या लाटेवरून बोट फिरवलं आणि परत काकूंच्या हातात दिली. "माझ्याकडे मशीन नाही," ते आमच्यासाठी मराठीत म्हणाले. "हांगाच उरूं दी. इथे लोक ऐकतात." मग विचारलं, "हिला नीट कुणी केली?"

काकू पुढे झाल्या. "अहो, बिघडवली पण मीच..."

"हिनं," मालक मध्येच म्हणाले. "तबकडी जरा दमट होती. हिनं थोडं ऊन दाखवलं." असा अभिमान मी कुठल्याही नवऱ्याच्या आवाजात पुन्हा ऐकला नाही, आमच्या ह्यांच्या तर नाहीच नाही.

"देव बरें करूं, बाई," म्हणून मास्तर वाकले आणि फाटकाबाहेर पडले.

त्यांना पोचवायला जायला सगळे उठलो होतो. मालकांनी अडवलं. त्यांनी ग्रामोफोन उचलून खिडकीत ठेवला, कर्णा रस्त्याकडे वळवला आणि काटा लाटेच्या पलीकडे टेकवला. तेव्हाच्या डोंबिवलीत संध्याकाळी एवढी शांतता असायची, की आवाज थेट चिंचेच्या वळणापर्यंत पोचला. मास्तर चालत होते. बँडची गडबड चालू होती. ते मागे वळले नाहीत, पण चाल मंद झाली. मालकांनी बोट वर केलं. आम्ही खिडकीला, दाराला, कठड्याला चिकटून बघत होतो.

वळणावर मास्तर थांबले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी उंच उचलली. कॉर्नेट त्यानंतर आला. टोपीहून एक मात्रा उशिरा.